दर अकरा मिनिटांनी



मी बडोद्याची. शाळेत गणित शिकवते. मी प्लंबर नाही आणि मेकॅनिकही नाही. तरीही आज मी पाण्याच्या गळतीबद्दल बोलणार आहे. कारण एका गळतीपायी मी माझ्या सासऱ्यांवर तीन दिवस आरोप करत होते, आणि तो आरोप खोटा होता. गळती कशी शोधायची ते मी त्यानंतर शिकले. ते शिकणं तुम्हाला जरा स्वस्तात पडावं, म्हणून आज इथे उभी आहे.

आमच्याकडे एक कॅम्पर व्हॅन आहे. जुनी मिनीबस घेतली, आतल्या सीट काढल्या आणि एका वर्कशॉपमधून तिचं फिरतं घर करून घेतलं. मागच्या बाजूला छोटं बाथरूम, मध्ये ओटा आणि सिंक, पुढे बसायची बाकं. चौघांची झोपायची सोय. मी, नवरा, मुलगी आणि अण्णा. अण्णा म्हणजे माझे सासरे. तेव्हा त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर होतं.

अशा गाडीत पाणी कसं फिरतं, ते आधी सांगते. त्याशिवाय पुढचं कळणार नाही. घरी आपली टाकी गच्चीवर असते, पाणी स्वतःच्या वजनाने खाली येतं. गाडीत ते जमत नाही. आमची ९० लिटरची टाकी पलंगाखाली आहे. तिच्याशेजारी १२ व्होल्टचा छोटा पंप, पंपाला लागून एक लहानशी प्रेशर टाकी, तिच्यापुढे मेन व्हॉल्व्ह. तिथून पाईप निघतात आणि सिंक, बेसिन, शॉवर आणि गीझरकडे जातात. पंपात दाब ओळखणारा स्विच असतो. नळ उघडला की पाईपातला दाब पडतो आणि पंप आपोआप सुरू होतो. नळ बंद केला की दाब चढतो आणि ४० पीएसआयला आमचा पंप थांबतो.

४० पीएसआय म्हणजे किती? साधारण २८ मीटर उंचीच्या पाण्याचा दाब. म्हणजे नऊ मजली इमारतीच्या गच्चीवर टाकी आहे आणि नळ तळमजल्यावर आहे, असं समजा. एवढा दाब त्या बोटभर जाडीच्या पाईपांवर असतो. आणि ते पाईप खड्ड्यांतून उड्या मारत चाललेले असतात. तुमचं घर रोज सहा तास हलवलं, तर तिथले जोड किती दिवस टिकतील, याचा विचार करा. गाडीत गळती होणारच. ती लवकर सापडते की उशिरा, एवढाच प्रश्न असतो.

तर आम्ही फेब्रुवारीच्या शेवटी कच्छला निघालो. पहिल्याच रात्री मला अर्धवट झोपेत पंपाचा आवाज आला. टर्रर्र. दोन-तीन सेकंद, मग बंद. वाटलं, अण्णा उठले असतील. ते बाथरूमच्या शेजारच्या पलंगावर झोपतात आणि रात्री दोन-तीनदा उठतात. सकाळी पाहिलं तर बाथरूमच्या दाराबाहेर लादी ओली. फळीची कडही ओली.

मी म्हटलं, "अण्णा, रात्री नळ नीट बंद करत जा. पाणी बाहेर येतंय."

ते म्हणाले, "मी बंद केला होता."

दुसऱ्या दिवशी तेच. आता माझा आवाज जरा चढला. "अण्णा, प्लायवूड फुगलं तर सगळा फ्लोअर काढावा लागेल हो." या वेळी ते काहीच बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी आम्ही खावड्याकडून रणातल्या रस्त्याने धोळावीराला पोचलो. दुपारी अवशेष पाहायला गेलो. तुमच्यापैकी काही जण गेला असाल. खडीर बेटावर हडप्पा काळातलं शहर आहे, २०२१ साली ते जागतिक वारसा यादीत आलं. मनसर आणि मनहर या दोन पावसाळी ओढ्यांचं पाणी अडवून त्या लोकांनी दगडात मोठमोठे तलाव खोदले होते. ऊन बऱ्यापैकी होतं. तलावाच्या पायऱ्यांपाशी अण्णा खाली बसले. चक्कर आली म्हणाले. ओठ कोरडे, जीभ कोरडी.

जवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं, "काका, दिवसाला पाणी किती पिता?" अण्णा माझ्याकडे बघायचं टाळत होते. मग हळूच म्हणाले, "चार वाजल्यानंतर पीत नाही. रात्री उठायला नको म्हणून."

मी तिथेच उभी होते. म्हातारपणी तहान मुळातच कमी लागते, त्यामुळे वयस्कर माणसाने आपणहून पाणी तोडणं फार धोक्याचं, असं डॉक्टर समजावून सांगत होते. मला त्यातलं निम्मंच ऐकू येत होतं. ज्या जागी लोकांनी साडेचार हजार वर्षांपूर्वी पावसाचा थेंब न् थेंब साठवला, तिथे मी एका माणसाचं पाणी बंद केलं होतं. आणि तेही न वापरलेल्या नळासाठी.

कारण संध्याकाळी ओआरएस पिऊन जरा बरं वाटल्यावर अण्णा म्हणाले, "रागावू नकोस, एक सांगू का? तो पंप मी झोपलेला असतानाही वाजतो. म्हणजे मी पडून असतो, झोप येत नाही. दर अकरा मिनिटांनी वाजतो. दोन रात्री मोजलंय मी घड्याळात."

दर अकरा मिनिटांनी!

मंडळी, मी गणिताची बाई आहे. माणूस नळ उघडतो तो कधी वीस मिनिटांनी, कधी तीन तासांनी. घड्याळ लावून अकरा मिनिटांनी कोणी नळ उघडत नाही. ठरावीक अंतराने पंप वाजतो, याचा अर्थ पाईपातला दाब ठरावीक वेगाने कमी होतोय. कुठेतरी पाणी सतत जातंय. पुरावा या माणसाकडे दोन रात्रींपासून होता आणि मी त्यांना एक प्रश्नही विचारला नव्हता. मी फक्त सांगत होते.

त्या रात्री आम्ही दोघांनी मिळून गळती शोधायला घेतली. अण्णांच्या हातात घड्याळ आणि वही, माझ्या हातात टॉर्च. आमचं जे चुकत होतं ते आधी सांगते, कारण ते बहुतेकांचं चुकतं. पाणी जिथे दिसत होतं तिथे आम्ही गळती शोधत होतो. पाणी तर उताराने जातं. पाईपाच्या खालच्या अंगाने, वायरीवरून, फळीच्या कडेने चार-पाच फूट चालत जातं आणि भलत्याच ठिकाणी टपकतं. पहिल्या दोन रात्री गाडी मागे उतरती उभी होती, म्हणून ओल बाथरूमपाशी. धोळावीराला ती पुढे उतरती होती, आणि त्या संध्याकाळी पुढच्या बाकाखाली ओल सापडली. तिथे आमचा इन्व्हर्टर आहे, २३० व्होल्टचा. इन्व्हर्टर आणि त्याची बॅटरीची जोडणी आधी बंद केली, मग बाकीचं. तुम्हीही हाच क्रम ठेवा. ओल्या हातांनी शोध सुरू करू नका.

म्हणून "कुठे गळतंय" हा पहिला प्रश्न नाही. पहिला प्रश्न "केव्हा गळतंय" हा आहे.

सगळी ओल पुसून कोरडी केली. ओट्याखाली, बाथरूमच्या दारात, बाकाखाली वर्तमानपत्रं अंथरली. पंप बंद करून दोन तास तसंच ठेवलं. कागद कोरडे राहिले. म्हणजे टाकी निर्दोष, कारण टाकी किंवा तिचा जोड गळत असता, तर पंप बंद असतानाही पाणी आलं असतं. सांडपाण्याची लाईनही निर्दोष, कारण तिथे गळती असती तर नळ वापरल्यावरच पाणी दिसलं असतं. पाऊस तर नव्हताच. राहिली दाबाची लाईन. बसल्या जागी तीन चतुर्थांश गाडी तपासून झाली.

दुसरी पायरी. पंपाच्या आत पाणी मागे जाऊ न देणारा एक छोटा व्हॉल्व्ह असतो. तो खराब झाला तर पाणी उलटं टाकीत जातं, दाब पडतो आणि पंप वाजतो. बाहेर मात्र थेंबही पडत नाही. आमच्याकडे ओल होती, तरी खात्री करायचीच होती. मेन व्हॉल्व्ह बंद केला आणि पंप सुरू केला. तो टर्रर्र करून थांबला. अण्णांनी घड्याळ धरलं. अकरा मिनिटं झाली, वीस झाली, चाळीस झाली. पंप गप्प. म्हणजे पंप चांगला, प्रेशर टाकी चांगली. चोर व्हॉल्व्हच्या पुढे.

तिसरी पायरी. मेन व्हॉल्व्ह उघडला आणि गीझरकडे जाणारा व्हॉल्व्ह बंद केला. आता गरम पाण्याची सगळी लाईन बाजूला पडली. अण्णा म्हणाले, "अकरा मिनिटं." काही फरक नाही. म्हणजे गरम लाईन निर्दोष.

चौथी पायरी. सिंक, बेसिन आणि शॉवर, तिघांचे अँगल कॉक बंद केले. "साडेअकरा," अण्णा म्हणाले. नळ, त्यांचे वायसर, जोडनळ्या, सगळे सुटले. उरला फक्त भिंतीमागचा थंड पाण्याचा पाईप आणि त्यावरचे सहा जोड.

माझ्या वर्गात मी मुलांना हेच सांगते. उत्तर शोधू नका, जे उत्तर असूच शकत नाही ते काढून टाका. दर वेळी अर्ध्या भागावर काट मारता आली, तर मोठा प्रश्नही चार-पाच पायऱ्यांत हातात येतो.

मधल्या वेळात एक हिशेबही केला. मापाचा पेला धरून सिंकचा नळ हळू उघडला आणि पंप सुरू होईपर्यंत किती पाणी आलं ते मोजलं. साधारण १२० मिलिलिटर. म्हणजे दर अकरा मिनिटांना एवढं पाणी जात होतं. दिवसात असे १३१ फेरे होतात. गुणाकार केला तर जवळपास १६ लिटर. रणाच्या काठावर, ९० लिटरच्या टाकीतून, रोज १६ लिटर! आम्ही मात्र आंघोळीचं पाणी मोजून घेत होतो.

आता ते सहा जोड. ओट्यामागची फळी काढली. प्रत्येक जोड फडक्याने कोरडा केला आणि त्यावर टॉयलेट पेपरचा एकेक वेढा गुंडाळला. हाताला जी ओल कळत नाही ती कागदाला लगेच कळते. पंप सुरू करून पंधरा मिनिटं थांबलो. पाच कागद कोरडे होते. सहावा, सिंकच्या मागच्या एल्बोवरचा, भिजून पाईपाला चिकटला होता.

टॉर्च मारला तर प्लास्टिकच्या एल्बोला केसाएवढी चीर. दाब असला की तिच्यातून पाणी बारीक झिरपत होतं, पाईपाच्या खालून सरकत होतं आणि उतार असेल तिकडे जात होतं. बाथरूमचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता.

आणि ती चीर कशी पडली? निघायच्या आदल्या दिवशी त्या जोडावर मला एक थेंब दिसला होता. मी पाना घेतला आणि अजून अर्धा फेरा आवळला. थेंब थांबला. मी खूश. पण पितळी निपलचे आटे निमुळते असतात. जितकं आवळाल तितकं ते पाचरीसारखे आत घुसतात, आणि बाहेरचं प्लास्टिक ताणलं जातं. ते त्या दिवशी फुटलं नाही. दोनशे किलोमीटर हादरे खाऊन फुटलं. तो अर्धा फेरा माझा होता. अण्णांना हे मी त्याच रात्री सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं सापडलं." एवढंच. मग त्यांनी पेलाभर पाणी मागून घेतलं आणि पूर्ण प्यायले. रात्रीचे साडेबारा वाजले होते.

दुरुस्ती तिथे होण्यासारखी नव्हती. अशा वेळी लोक चिरेवर एपॉक्सीची लगदी थापतात. दाबाच्या, हलत्या पाईपावर ती फार टिकत नाही. आम्ही सगळ्यात स्वस्त उपाय केला. पाणी हवं तेव्हाच पंपाचं बटण चालू, काम झालं की बंद, आणि एकदा नळ उघडून दाब सोडून द्यायचा. दाब नाही तर गळती नाही. भुजपर्यंत असेच आलो.

भुजला हार्डवेअरच्या दुकानातून पितळी एल्बो घेतला. टेफ्लॉन टेप गुंडाळताना एक लक्षात ठेवा. आट्यांचं तोंड आपल्याकडे करून धरा आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळा, नाहीतर फिट करताना टेप उलगडत जाते. प्लास्टिकचे आटे असतील तर हाताने घट्ट करा आणि पान्याने फार तर अर्धा फेरा. त्यानंतरही गळत असेल तर आवळू नका. खोला, साफ करा, नवी टेप लावा. आमचा पाईप दोन-अडीच फूट नुसता लटकत होता, त्याला दर दीड फुटावर क्लॅम्प मारले. गाडी हलली तर पाईप गाडीसोबत हलला पाहिजे, वेगळा नाही. आणि ओट्यामागच्या फळीला एक झडप करून घेतली. जिथे जोड आहे तिथे हात पोचलाच पाहिजे.

मग चाचणी. पंपाने दाब भरला आणि एक तास थांबलो. आवाज नाही. पण ती चाचणी उभ्या गाडीची झाली. पन्नास किलोमीटर खराब रस्त्यावर गाडी चालवून पुन्हा एक तास थांबलो. गाडीची दुरुस्ती गाडी चालल्यावरच खरी ठरते.

तुमची गळती आमच्यासारखीच असेल असं नाही. म्हणून "केव्हा"ची बाकीची उत्तरं थोडक्यात सांगते.

फक्त नळ वापरल्यावर ओल येते? सिंकखालचा ट्रॅप किंवा शॉवरचा तळ पाहा. सिंकमध्ये खायच्या रंगाचं पाणी ओता आणि शॉवरमध्ये दुसऱ्या रंगाचं. खाली जो रंग दिसेल तो चोर.

फक्त गाडी चालताना येते? भरलेली टाकी हिंदकळते आणि हवेच्या नळीतून किंवा भरायच्या तोंडातून पाणी बाहेर पडतं.

फक्त पाणी तापवल्यावर गीझरपाशी ठिबकतं? पाणी तापलं की फुगतं. सहा लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर नेलं, तर ते साधारण ९० मिलिलिटरने वाढतं. ती वाढ सेफ्टी व्हॉल्व्हमधून थोडी ठिबकली तर तो दोष नाही. तो व्हॉल्व्ह कधीही बुच लावून बंद करू नका.

पंप थांबतच नाही, नळातून फसफस हवा येते, पण ओल कुठेच नाही? टाकी आणि पंप यांच्यामधला जोड सैल आहे. तिथून पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. आधी टाकीत पाणी आहे ना, हेही बघा. आम्ही एकदा विसरलो होतो.

फक्त पावसात? मग नळांकडे पाहूच नका. छपरावरची खिडकी आणि तिचं सीलंट बघा.

आणि स्पितीला किंवा लडाखला थंडीत जाणार असाल, तर पाण्याचा बर्फ होताना ते सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं. पंपाचं डोकं, नळ, पितळी जोड, काहीही फुटतं, आणि ते कळतं बर्फ वितळल्यावर. रात्री शून्याखाली जाणार असेल तर संध्याकाळीच पाईप, पंप, गीझर रिकामे करा.

हे सगळं विसरलात तरी चालेल, दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, निघायच्या आदल्या रात्री सगळे नळ बंद करा, पंप चालू ठेवा आणि अर्धा तास शांत बसा. पंप वाजला तर गाडी हलवू नका. या चाचणीला एक पैसा लागत नाही.

दुसरी गोष्ट पाईपांची नाही. छोट्या जागेत चार माणसं असतात तेव्हा ओल दिसली की आपण आधी माणूस शोधतो. जो सगळ्यात म्हातारा किंवा सगळ्यात लहान, तो पटकन सापडतो, कारण तो वाद घालत नाही. त्याला सांगण्याआधी एकदा विचारा, "तुम्हाला काय दिसलं? तुम्ही काय ऐकलं?"

अण्णा आता ऐंशीच्या पुढे आहेत. प्रत्येक प्रवासाआधी त्या अर्ध्या तासाला घड्याळ घेऊन तेच बसतात. वही त्यांच्याकडेच असते. आणि रात्री त्यांच्या उशाशी पाण्याची बाटली असते. ती सकाळी रिकामी झाली की नाही, हे मी बघते.